वारुळावरचा ठिपका

रत्नप्रभाबाईंनी वणीच्या शाळेत उभी हयात जीवशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर त्यांना जे खूळ लागलं, त्याला घरात एकच नाव होतं, कुत्र्याच्या छत्र्या. नाव ठेवणारे त्यांचे यजमान नंदकिशोरराव. कोळसा खाणीच्या ऑफिसात जन्म गेलेला माणूस, त्याला बुरशीत काय दिसणार? "रिकामटेकड्या बायका भिशी लावतात, आमची ही बुरशी लावते," असं ते आल्यागेल्याला सांगत. बाई हसत आणि चहा टाकायला उठत.

हे खूळ लावलं अनिमेषनं. बाईंचा लाडका विद्यार्थी. आता पुण्यात, देशभरातल्या वनस्पती आणि बुरशींच्या नोंदी ठेवणाऱ्या ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर होता. दिवाळीला पाया पडायला आला, तेव्हा त्यानं बाईंच्या कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर घालून दिलं. नाव टाइप केलं की नकाशा उघडे आणि ती जात जिथे सापडली तिथे ठिपका दिसे. बाईंनी हौसेनं भूछत्रं शोधली. सह्याद्रीवर ठिपक्यांची नुसती जत्रा. यवतमाळ जिल्हा मात्र कोरा, पुसदपासून वणीपर्यंत साफ कोरा! बाईंना ते फार लागलं. कापूस आणि कापसाच्या वाईट बातम्या सोडून आपल्याकडे काही उगवतच नाही, असं देशाला वाटत असणार. त्यांनी त्या दिवशी भाजीत दोनदा मीठ घातलं.

उगवत होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. श्रावणात राजूरकडच्या विमलताई आठवडी बाजारात पळसाच्या पानांवर सात्या घेऊन बसत. सात्या म्हणजे वाळवीच्या वारुळातून वर येणारी पांढरी भूछत्रं. भाजी अशी, की मटण बाजूला सारावं. पण सात्यांची जागा कुणी कुणाला सांगत नाही, असा तिकडचा रिवाज. शेजारणीनं विचारलं तर विमलताई बेधडक उलटी दिशा दाखवत, आणि ती उलटीच असणार, हे शेजारीणही धरून चाले. त्यात कुणाला राग नसे. वारुळाला लोखंड लावायचं नाही, हाताच्या बोटांनी अलगद काढायचं, हाही त्यातलाच एक नेम.

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षीच्या श्रावणात बाईंनी विमलताईंना गळच घातली. विमलताईंचा मुलगा रजत गणितात गटांगळ्या खात होता, तेव्हा बाईंनीच त्याला घरी बसवून दहावी पार करवली होती. ते विमलताई विसरल्या नव्हत्या. त्यांनी बाईंना शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरच्या बाभळींमधून वारुळापर्यंत नेलं.

"बाई, तुमच्यापाशीच ठेवजा," त्या म्हणाल्या. "कोनाले म्हनू नका."

बाईंनी गळ्याची शपथ घेतली. फोटो काढले, घरी येऊन अनिमेषला फोन लावला. ठिकाण झाकता येतं का?

"बाई, तुम्ही काळजीच करू नका. लोकांना नुसता जिल्हा दिसेल. जागा माझ्याशिवाय कुणाला दिसणार नाही."

नोंद झाली. कोऱ्या जिल्ह्यावर एक ठिपका उमटला, खाली बाईंचं नाव. नंदकिशोररावांनी चष्मा पुसून पाहिला आणि त्या दिवशी पहिल्यांदा थट्टा केली नाही. बाईंना आभाळ ठेंगणं झालं. वर्षभर त्या रोज एकदा सॉफ्टवेअर उघडून तो ठिपका पाहत.

पुढच्या श्रावणात बाजारात विमलताईंची जागा रिकामी. त्या थेट बाईंच्या घरीच आल्या, रिकामी टोपली घेऊन.

"कोनं तरी वारूळ खनलं बाई. कुदयीनं. पार तयापासून उपसलं. वायवीचं घरच नाई राह्यलं, आता सात्या कुठून येतीन? माह्याच मांगं कोनी आलं असन, मले समजलं नाई."

विमलताई स्वतःलाच बोल लावत होत्या. बाईंवर त्यांचा संशय कणभरही नव्हता, आणि तेच बाईंना सोसेना. त्यांनी विमलताईंसमोरच कॉम्प्युटर लावला. यवतमाळवर कालपर्यंत एकच ठिपका होता, आज पुंजका होता. बाईंनी त्यातली एक नवी नोंद उघडली. बुरशीचा नमुना, वाळवीच्या घरट्यासह, खोदून काढलेला. संकलक, अनिमेष आणि सहकारी. आणि जागा उघडी, बाभळीसकट.

बाईंनी फोन लावला. ऐकायला कमी येत असल्यानं त्यांचा फोन नेहमी मोठ्या आवाजावर असे.

"अहो बाई, मी सांगणारच होतो," अनिमेष उत्साहात होता. "घरटं मिळाल्याशिवाय जात पक्की ठरत नाही. नवीच जात निघण्याची शक्यता आहे! आणि आभारात तुमचं नाव टाकलंय, सगळ्यात वर."

"अरे, तू मला शब्द दिला होतास."

"लोकांना दाखवणार नाही म्हणालो होतो, बाई. तुमची नोंद अजून झाकलेलीच आहे, ही आमची. आम्ही लोकांत येतो का?"

बाईंनी फोन ठेवला. तेहतीस वर्षांत त्यांनी कितीतरी पोरांचे कान पिळले होते, याचाच तेवढा राहिला होता.

"तुमी सांगतलं होतं त्याले?" विमलताईंनी विचारलं.

"तो झाकून ठेवतो म्हणाला होता हो. माझा विद्यार्थी आहे. घरचा मुलगा समजत होते मी त्याला. विश्वास टाकला."

"म्या बी टाकला."

विमलताईंनी चहाला हात लावला नाही. चपला घालताना त्या म्हणाल्या, "सासूनं मरायच्या पयले मले दाखोलं होतं ते वारूळ. खुशी माही सून. चार वर्सं झाले घरात येऊन, तिले बी दाखोलं नाई म्या. तिच्या आंधी तुमाले दाखोलं, बाई."