गाडीखालचा पुठ्ठा

नाना शेवटचे भेटले तेव्हा ऑक्सिजनच्या मास्कमागे होते. त्यांनी बोटानं मला जवळ बोलावलं. मी त्यांचा एकुलता एक जावई. सासरे आता 'पोरीला सांभाळा' असं काहीतरी सांगणार, या खात्रीनं मी डोळे आधीच ओले करून वाकलो. नानांनी मास्क बाजूला सरकवला आणि विचारलं, "पुठ्ठा बघितला का आज?"

"बघितला नाना. कोरडा आहे."

"ठणठणीत?"

"ठणठणीत."

त्यांनी अंगठा वर केला, मास्क जागेवर बसवला आणि डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी पहाटे दवाखान्यातून फोन आला... त्याला आता महिना होत आला. भेटायला येणारे विचारतात, शेवटी काही बोलले का? त्यांना पुठ्ठा समजावायचा म्हणजे गेल्या दसऱ्यापासून सुरुवात करावी लागते.

नाना साताऱ्याकडचे. सरकारी खात्यात कारकुनी केली आणि निवृत्त झाल्यावर हौसेनं गाडी शिकले. सासूबाई गेल्या, तेव्हा ते खांदेश्वरला आमच्याकडे आले ते एक ट्रंक आणि ती जुनी पांढरी गाडी घेऊन. त्यांची धाकटी बहीण आक्का नावडे कॉलनीत राहते. तिचे गुडघे कामातून गेलेले. दर भाऊबीजेला नाना तिच्याकडे जात, पाटावर बसून ओवाळून घेत, पण ओवाळणीत पाकीट टाकत नसत. आक्काला हळूहळू जिना उतरवत, पुढच्या सीटवर बसवत आणि खाडीपर्यंत फिरवून आणत. हीच ओवाळणी. आक्का त्या दिवशी खास ठेवणीतलं लुगडं नेसायची आणि काच खाली करून साऱ्या कॉलनीला हात करायची.

गेल्या वर्षी या ओवाळणीवरच संकट आलं. गाडीतून ऑइल गळायला लागलं. सोसायटीनं पार्किंगमध्ये नवीकोरी फरशी बसवलेली, आणि तिच्यावर रोज सकाळी आमचा काळा ठसा. सेक्रेटरींनी लिफ्टमध्ये गाठून दम दिला. माझ्या बायकोनं, माधुरीनं, घरात जाहीर करून टाकलं, "नाना, रविवारी एक माणूस गाडी बघायला येतोय. देऊन टाकू. आत्याला रिक्षानं फिरवा."

"रिक्षात पुढं बसवतात का कुनी?" नाना म्हणाले. मग आवाज उतरवून, "रविवारपतुर गळती थांबली तर?"

"थांबली तर राहू दे. पण थेंब दिसला की गेली. मग रुसायचं नाही."

दसऱ्याच्या तोंडावर सगळी गॅरेजं फुल्ल. एका मेकॅनिकनं उभ्याउभ्या खाली डोकावून निदान तेवढं केलं. इंजिनाच्या बुडाशी ऑइल साठतं ते भांडं, म्हणजे चेंबर, त्याचं पॅकिंग गेलं होतं. नानांनी फोनवर व्हिडिओ बघायचा सपाटा लावला. जेवताना ताटाशेजारी फोन, आणि फोनात कुणीतरी गाडीखाली. "जावईबापू, हे तर सोपं हाय! बोल्ट काढायचे, भांडं उतरवायचं, काठ पुसायचा, सिलिकॉन लावायचं, परत बसवायचं. तुमी नुसती बॅटरी धरा." गाडीबद्दल मला एवढंच ठाऊक, की पेट्रोल कुठल्या बाजूनं भरतात. तेही पंपावरचा माणूस हात करून दाखवतो. पण नानांचा उत्साह असा, की मीही जुनी अर्धी चड्डी चढवली!

खंडेनवमीला सुट्टी होती. शिरवण्याच्या एका गॅरेजवाल्याकडून जॅक आणि लोखंडी स्टँड आणून गाडी उचलली, ऑइल घमेल्यात सोडलं, बोल्ट काढले. चेंबर हलेना. नानांनी काठात रंगाऱ्याची पट्टी घालून माधुरीच्या लाटण्यानं हळूच ठोकलं, आणि ते निसटून माझ्या छातीवर आलं. उरलेलं ऑइल गळ्यापासून बेंबीपर्यंत! नाना गाडीखाली आडवे पडल्यापडल्या टाळ्या वाजवत होते, "निघालं, निघालं!" जणू बाळच झालं.

जुनं पॅकिंग खरवडून काठ आरशासारखा झाला, आणि नाना एकदम थांबले. "आज हत्यारांचा दिवस. पूजा नको?" मला ते इतकं पटलं, की मीच धावत वर जाऊन ताम्हण घेऊन आलो. नटबोल्टाचे पाने, स्क्रूड्रायव्हर ओळीनं मांडले, मधोमध चेंबर. सगळं भांडं काळंकुट्ट, चकचकीत काय तो काठ. म्हणून नानांनी हळदकुंकू काठालाच लावलं. मी भक्तिभावानं वरून अक्षता टाकल्या, मूठभर. मग दोघांनी नमस्कार केला, वरवर फडकं फिरवलं, काळ्या सिलिकॉनची रेघ ओढली आणि चेंबर वर चढवलं. सिलिकॉन सुकायला रात्र दिली. दसऱ्याला सकाळी नवं ऑइल ओतून गाडी चालू केली, खाली फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा सरकवला आणि वर पुरणपोळी खायला गेलो. दोघंही दोन-दोन तुपाच्या वाट्यांइतके खूश.

जेवून उतरलो तर पुठ्ठ्यावर थेंब.

नाना उकिडवे बसून त्याच्याकडे बघत राहिले... मग बाह्या सरसावल्या. पुन्हा स्टँड, पुन्हा घमेलं, पुन्हा लाटणं. चेंबर उतरवलं आणि नानांनी सिलिकॉनची रेघ सोलली, तर एका कोपऱ्यात कुंकवाचं बोट जसंच्या तसं, आणि त्यात रुतून बसलेला तांदळाचा एक दाणा. माझ्या भक्तीचा!

माधुरी चहा घेऊन खाली आली होती. तिनं दाणा बघितला, कुंकू बघितलं. "कुंकू कपाळाला लावतात नाना, सांध्यात नाही. आणि तुम्ही हो? लग्न लावत होतात का इंजिनाचं?" ती रागावणार होती, पण हसू तिच्याच्यानं आवरेना. चहा फरशीवर सांडला. सोसायटीला नवा डाग.

दुसऱ्यांदा काठ एवढा पुसला, की नानांनी मला फुंकरही मारू दिली नाही. रेघ त्यांनी श्वास रोखून ओढली, न तुटता. रविवारी सकाळी आम्ही तिघंही पुठ्ठ्याभोवती वाकून उभे. कोरडा! नानांनी तो डोक्यावर धरून पार्किंगला फेरी मारली. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. त्यानं खाली बघितलं, वर बघितलं, म्हणाला, "एकदम ओके आहे की. आत्ताच घेतो." नाना म्हणाले, "आता कशाला देऊ?" आणि माधुरीकडे बघितलं. ती म्हणाली, "सॉरी हं दादा. थेंब नाही."

त्या भाऊबीजेला आक्का खाडीपर्यंत गेली. मागच्या सीटवर मी होतो. वाऱ्यानं तिचा पदर माझ्या तोंडावर येत होता, आणि नाना तिला तांदळाच्या दाण्याची गोष्ट सांगताना स्टिअरिंग सोडून हातवारे करत होते. "भाऊ, रस्त्याकडं बघ रं!" आक्का हसत ओरडायची, आणि पुन्हा म्हणायची, "मग? मग जावईबापूंनी काय केलं?"

गळती परत झाली नाही. पण पुठ्ठा नाना रात्री सरकवतच राहिले आणि सकाळी ओढून बघतच राहिले. दूध आणायला उतरायचे आणि वर येऊन सांगायचे, "ठणठणीत."

परवा त्याच गिऱ्हाइकाचा फोन आला. त्याला कुठूनसं कळलं होतं, हळहळला, मग चाचरत म्हणाला, आता गाडी पडूनच राहील ना... फोन माधुरीनं घेतला होता. "नाही हो," ती म्हणाली. "भाऊबीजेला आमच्या आत्याला न्यायचंय."

फोन ठेवून ती माझ्याबरोबर खाली आली. नाना गेल्यापासून पुठ्ठा रोज मीच ओढतो. त्या दिवशीही ओढला, दोघांनी बघितला, पुन्हा आत ढकलला आणि मी हात झटकत उभा राहिलो. ती मात्र वाकून बघत होती.

"थोडा डावीकडे घ्या," ती म्हणाली. "नाना तिथे ठेवायचे."