टाकीतला होम

तुजा आजा गेणबा मानूस सोन्यासारका, पर त्येला घिऊन कुनाच्या घरी पाव्हनं म्हनून जायाची सोय नवती. घरात शिरला की भितीवर बोटाचं हाड वाजवून बघायचा. माज्या धाकल्या दिराला पोरगी बघाया गेलो, तर पोरीचं नाव इचारायच्या आदी म्हनला, "ही भित आतनं पोकळ हाय." पोरीच्या बापानं ती भित आदल्याच साली सोता बांधलेली. मग काय, चहाबी आला न्हाई आन पोरगीबी.

पर गवंडी म्हनशील तर रिह्याच्या सगळ्या खोऱ्यात त्येच्या तोडीचा दुसरा नवता. पोरवयात धरनाच्या कामावर घमेली वायली, तितंच थापी हातात धरली. त्येनं बांधलेल्यातनं पानी भाईर यायचं न्हाई. एवढं एकच नाव त्येच्यापाशी हुतं बग, जमीन न्हाई, जुमला न्हाई. त्या नावावर आमी सा तोंडं जेवायचो.

आता हैबतरावाचं सांगते. वरच्या आळीचा मोटा शेतकरी. खाली भाताची खाचरं आन वर मुरमाड उतार. एका साली त्यो कोकनात सोयऱ्याकडं गेला आन आंब्याची चाळीस कलमं घिऊन आला. त्या दिसापासनं मानूस बदलला. भातवाला म्हनून हाक मारली तर ओ द्यायचा न्हाई, बागाईतदार म्हनायचं. बरं, कलमं लावली, पर त्येस्नी पानी कुटलं? आपल्याकडं पाऊस कसा, चार म्हयनं डोस्क्यावर धबधबा आन शिमग्यानंतर झऱ्यावर वाटीवाटीनं भरायचं. मग हैबतरावाच्या डोक्यात आलं का घराच्या कौलावरनं जे पानी वाया जातंय ते पन्हळीनं टाकीत सोडायचं आन उनाळाभर कलमांना पाजायचं. इचार चांगला हुता. हैबतरावाच्या डोक्यात चांगला इचार आल्याला मी त्यो एकदाच बगितला.

सिमेंट तवा परमिटावर मिळायचं. पौडाला हेलपाटं घालून घालून त्येनं ते मिळवलं. मग गवंडी पायजे. त्येच्या आळीतलं दोन गवंडी हुतं, पर त्येंच्या टाक्या म्हंजी चाळन्या. शेवटी नाक मुरडत आमच्या बौद्धवस्तीत आला. उंबऱ्यापासनं चार हात लांब उबा ऱ्हाऊन काम सांगितलं. सगळी रोजगारी मानसं त्येला मालक म्हनायची. तुजा आजा म्हनायचा, हैबतराव. ते त्येला पयल्या दिसापासनं खुपलं.

चैतात काम सुरू झालं. बारा हात लांब, आठ हात रुंद, पुरुषभर खोल. दगडाची बांधनी, आतनं सिमेंटचा गिलावा. तुजा आजा म्हयनाभर त्या खड्ड्यात. वरनं निसतं डोस्कं दिसायचं. शेवटचा हात फिरवला आन हैबतरावाला बजावलं का गिलावा कच्चा हाय, पंधरा दीस ह्यात पानी भरून ठिवायचं, सुकू द्यायचं न्हाई. नदीवरनं बैलगाडीनं पिपं आनून टाकीत वतली. दुसऱ्या दिशी हा बघाया गेला तर हैबतराव म्हनला, आता तुजं काम सपलं, पुडचं आमचं आमी बघू.

आन काय बघितलं त्येनं? चवथ्या दिशी आखिती हुती. साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त. हैबतरावानं सगळं पानी उपसून भाईर वतलं, भटजी बलावला, टाकीच्या मदोमद चार इटा मांडल्या आन होम पेटवला. का? तर म्हयनाभर गेणबाचं पाय आत फिरल्यालं. टाकी शुद्द कराय पायजे. मी नदीवरनं येत हुते, तर त्या खड्ड्यातनं धुराचा लोट. मला वाटलं गंज पेटली. बग म्हंजी, टाकीतलं पानी कुनी पिनार नवतं, ते आंब्याच्या बुडात जानार. आता आंब्याच्या झाडाला जात असती का? त्येला इटाळ हुतुया का? का हैबतरावाची कलमं पंगतीला बसनार हुती? पार दुपार टळंस्तवर तूप वतलं. आन मग मिरगाचा पाऊस येईस्तवर टाकी तशीच कोरडी, उनात.

पाऊस आला. टाकी भरली. हैबतरावानं सगळ्या गावाला दावायला न्येलं. पौडाचा कुनी सायब आला, त्येला टाकीच्या काटावर खुर्ची टाकून बसवला. मागं छत्री धराया गडी. सांगितलं काय, तर बांधली आमच्या देखरेखीखाली. गेणबाचं नाव न्हाई.

दिवाळीला टाकी अर्दी झाली. संक्रातीला बुडाला निसता गाळ. आन मग मातर गेणबाचं नाव आटवलं. चावडीत बसून हैबतराव सांगाय लागला का गेणबानं माजं सिमेंट खाल्लं, रेती थापली. भरली तवा टाकी त्येची, गळली तवा गेणबाची.

हे बोलनं नदीच्या पान्यासारकं खालपतुर गेलं. मारुंजीच्या कोंडीरामाचं काम ठरल्यालं, त्येनं निरोप धाडला का येऊ नगंस. मग दुसऱ्यानं. हा ओट्यावर बसून थापी घासायचा. घासूनघासून तिचा आरसा केला, पर तोंडानं बोलंल तर शपत. मी म्हनले, जा की, भांड त्येच्याशी. तर म्हनला, भांडून सिमेंट पक्कं हुतं का?

मग मीच गेले. भांडाय न्हाई, धुनं धुवाया. आमचा पानवठा खालच्या अंगाला, त्येंचा वरच्या. पर बायकांचं बोलनं पानवठा बघून थांबत न्हाई. हैबतरावाची बायकू धोंडाबाई वरल्या धोंड्यावर बसल्याली. डोस्क्याचं केस गेल्यालं बिचारीचं, हांडं वाहून वाहून. टाकी आटली तसं चाळीस कलमांचं पानी तिच्याच डोईवर आलं हुतं, बागाईतदार काय हांडा उचलनार न्हाई. तिनं इकडंतिकडं बगितलं आन हळूच सांगितलं का गाळ काढाय मी आत उतरले हुते आक्काबाई, होम पेटवला तितनंच चिरा फाकल्यात, कोळ्याच्या जाळ्यागत.

मी धुनं तसंच पिळून घरी आले आन तुज्या आज्याला उटवला. म्हनले, भांडू नगंस, निसतं वाजवून ये.

दुसऱ्या दिशी सकाळी हा हातोडी घिऊन टाकीच्या काटावर उबा. मी मागं. बगता बगता मानसं जमली, गावात दुसरं काम काय हुतं? ह्यो टाकीत उतरला आन खालनं म्हनला, "हैबतराव, खाली या."

हैबतराव म्हनला, "वरनंच दिसतंय मला."

"दिसत असंल. पर माजं नाव घेताना चावडीत बसून घेतलं न्हवं? मग बघाय खाली या."

मानसं बघत्यात म्हनल्यावर काय करतुया. धोतर वर धरून उतरला, जसं काय खाली इंगळच हायेत. तुज्या आज्यानं कोपऱ्यात हातोडी मारली, टन्न. दुसऱ्या कोपऱ्यात, टन्न. भितीला, टन्न. मग मदोमद मारली, जिथं काळा डाग हुता. भद्द. समद्यांनी ऐकलं. मग त्येनं भितीचा एक टवका काडला आन हैबतरावाच्या हातावर ठिवला.

"रेती असंल तर हातानं चुरंल," म्हनला. "चुरा."

हैबतरावानं दाबला. दोनी हातांनी दाबला. तोंड लाल झालं, कानबी लाल झालं, टवका काय चुरंना. वरनं कुनीतरी फिसकन हासलं. मग तुज्या आज्यानं बोटानं काळा डाग दावला आन इचारलं, "हितं काय जाळलं?"

तवर वरनं धोंडाबाई बोलली. वीस वर्सं संसार केला, पर चार मानसांत नवऱ्याफुडं तोंड उघडल्याली मी तिला तवाच ऐकली.

"होम केला तितं," म्हनली. "पानी उपसून. लाकडं मीच वायली."

झालं. मानसं पांगली ती जे बगायचं ते बगून पांगली.

चुकलो म्हनला का हैबतराव? छ्या. त्येच्या जिबंला त्यो शबुद बसतच नवता. निसतं म्हनला, दुरुस्त कर. तुज्या आज्यानं मदला गिलावा फोडून नव्यानं केला आन सोता रोज सकाळी जाऊन बगायचा, पानी हाय का न्हाई. पंधरा दीस. आता गंमत ऐक. हैबतराव गुपचूप भटजीकडं गेला. भटजी म्हनला, आता तर तुमी सोताच त्येच्यासंगं आत उतरला, आता मोटा होम लागंल. हे धोंडाबाईला कळलं. ती म्हनली, करा खुशाल, पर टाकी गळली तर हांडा तुमी उचलायचा. होम ऱ्हायला.

टाकी टिकली. फुडच्या शिमग्याला निम्म्याच्या वर पानी. कलमांतली तीस जगली, धा आदल्या उनाळ्यात वाळून गेली हुती. ती धा का मेली, तर हैबतराव मरंस्तवर सांगायचा का होम केला न्हाई म्हून.

आन मारुंजीचा कोंडीराम आला का परत. त्येला पेरूच्या बागंला तशीच टाकी पायजे हुती. ओट्यावर बसला, चहा घ्येतला न्हाई, वाईच पोट बिगाडलंय म्हनला. बसल्या बसल्या चुळबुळ कराय लागला, का काम झाल्यावर घरच्या म्हाताऱ्यांच्या समाधानापुरती जराशी शांत करावी लागंल, तवा राग मानू नगंस.

तुजा आजा म्हनला, "होम करायचा असंल तर आदी करा. मी आत उतरल्यावर न्हाई."

कोंडीरामानं डोकं खाजवलं आन कबूल झाला. मारुंजीत खड्डा खनल्याबरुबर त्येनं भटजी बलावला, तूप जाळलं, मंत्र म्हनले. तुजा आजा आन मी बांदावर बसून भाकर खात हुतो. आटपलं तसा त्यो उटला, हात झाडलं, खाली उतरला आन त्या राखंवर उबा ऱ्हाऊन पाया आखाय लागला.