चांदणं गळणारं छप्पर

माझा दादा गळकी छतं दुरुस्त करतो. कुणाकडे पाणी ठिबकायला लागलं की त्याला बोलावणं येतं. गेल्या गेल्या तो काहीच करत नाही. खोलीच्या मधोमध उभा राहून ओलीच्या डागाकडे बघत राहतो, ढगांत आकार शोधावेत तसा. मग म्हणतो, "पाणी इथं नुसतं भेटायला येतं. राहतं दुसरीकडे." आणि भलत्याच कोपऱ्यातली भेग दाखवतो. अंगाला डांबराचा वास कायमचा, म्हणून माझी लेक त्याला डांबरमामा म्हणते. तो तिला मुकादम म्हणतो, कारण बोलायला लागल्यापासून ती खाली उभी राहून त्याला हुकूम सोडत आली आहे.

आम्ही ज्यू. आमचे सण मी पुस्तकांतून वाचले, कॉलेजात त्यांवर निबंधही लिहिला. पण डोळ्यांपुढे येतात ते दादाच्या कामासकट. हनुक्काला आम्ही खिडकीत रोज एक वाढवत दिवे लावतो, तेव्हा सगळे ज्योतीकडे बघतात आणि दादा ज्योत कुठे झुकते ते बघतो. "चौकटीला फट आहे गं," तो म्हणतो, आणि दर वर्षी ती असतेच. पेसाखच्या आधी घरातला पावाचा कण न् कण शोधून काढायचा असतो. आम्ही मेणबत्ती घेऊन कपाटं धुंडाळतो, तो फरशीच्या सांध्यांवरून बोट फिरवत बसतो. किप्पुरच्या उपासाआधी आपल्या चुकांची माफी मागायची, तर हा एकेका घरमालकाला फोन लावतो. "आता गळत नाही ना?" एवढंच विचारतो आणि ठेवून देतो.

किप्पुरमागोमाग येतो सुक्कोथ, मांडवांचा सण. आमचे पूर्वज वाळवंटात आडोशाला राहिले, त्या आठवणीत उघड्यावर मांडव घालून त्यात जेवायचं. वर फांद्यापानांचं छप्पर. सावली पडली पाहिजे, पण पानांमधून तारेही दिसले पाहिजेत, आणि पाऊस आलाच तर त्याला आत यायला वाट हवी. "वर्षभर भोकं बुजवतो," दादा म्हणतो, "हे सात दिवस मला सुट्टी."

गेल्या हनुक्काला, तिसऱ्या दिव्याच्या संध्याकाळी, लेक तापाने फणफणली. न्युमोनिया. त्यानंतरचे सण मला पाण्याखालून बघितल्यासारखे आठवतात. पुरिमला मुलं सोंगं घेतात. हिच्या तोंडावर वाफेचा मुखवटा आणि त्याची लांब नळी. "आई, मी हत्ती झालेय," ती आतून म्हणाली. पेसाखच्या जेवणाला ती उशीला टेकून बसली. त्या जेवणाला टेकून बसायचाच रिवाज, म्हणून कुणाला वेगळं वाटलं नाही. मी मात्र तिचे श्वास मोजत बसले.

आता ती बरी आहे, पण गार वारा लागला की खोकते. आणि वर्षभर तिने एकच धोशा लावला होता: मांडवात बसायचं. डॉक्टर म्हणाले, "बसू द्या, फक्त थंडी लागू देऊ नका." मी त्यातलं शेवटचं तेवढंच ऐकलं.

"यंदा ती दारातूनच बघेल," मी दादाला सांगितलं.

"काळजीबाई, मांडव काय बघायला घालतात?"

"तू डॉक्टर आहेस का?"

"नाही. पण काय कुठून आत शिरतं ते मला कळतं. माझ्यावर सोड."

सण उद्या लागणार. आज अंधार पडता पडता त्याने गच्चीवरून हाक मारली, "मुकादम, कामाची तपासणी करून जा." शालीत गुंडाळून मी तिला वर नेलं.

मांडवात पाऊल टाकलं आणि वारा थांबला. बाहेर तो पानांवरून सळसळत होता, आत पोचत नव्हता. कंदिलाची ज्योत चित्रातल्यासारखी स्थिर होती. हिरवा, ओलसर वास, आणि त्यात पुसटसं डांबर. मला वाटलं, हिला इथेच ठेवावं, मोठी होईपर्यंत.

लेक खुर्चीत मागे रेलली. बराच वेळ वर बघत राहिली.

"डांबरमामा, तारे कुठेत?"

दादाने मान वर केली. ओलीच्या डागाकडे बघतो तसाच बघत राहिला. फांदीवर फांदी, कौलं बसवावीत तशी, प्रत्येकीचं टोक खालच्या फांदीवर. पौर्णिमा तोंडावर आलेली, तरी चंद्रसुद्धा बाहेरच अडकला होता.

"हात सवयीने चालले," तो म्हणाला. मग हळूच, "आणि तुला गार लागू नये म्हणूनही, मुकादम."

"पण मग ही खोलीच झाली की," ती म्हणाली. "खोलीत तर मी वर्षभर होते."

दादा माझ्याकडे वळला. तसा तो मला कधी काही विचारत नाही.

"काढू का गं?"

"तिच्या डोक्यावरचं नको. बाजूचं काढ."

"बाजूला ती बसत नाही."

मी शालीचं टोक तिच्या गळ्याभोवती खोचलं. पुन्हा काढून पुन्हा खोचलं. तिने तेही करू दिलं.

"काढ," मी म्हटलं.

तो स्टुलावर चढला. एक फांदी निघाली, मग दुसरी. ज्योत झुकली. माझ्या मानेवर गारवा उतरला, आणि लेक खोकली. दादाचा हात वरच थांबला. मी तिच्या पाठीवर तळवा टेकवला, हिवाळाभर टेकवत होते तसा, आणि घरघर शोधू लागले. सापडली नाही. श्वास सरळ येत होता, जात होता.

तिच्या कपाळावर चांदण्याचा एक ठिपका पडला होता.

"एक तारा दिसला," ती म्हणाली. "बारका आहे. मामा, डावीकडे अजून थोडं गळू दे."

"जी, मुकादम."

"आई, तू इकडे ये. तुझ्या जागेवरून नाही दिसणार."

मी माझी खुर्ची उचलली आणि तिच्या खुर्चीला लावून ठेवली, त्या भोकाखाली. उद्या जेवायलाही ती खुर्ची तिथेच राहील.