पाटीवरचा जाड रंग

बोर्डवाले म्हणजे रंगाच्या बाबतीत महाचिकट माणूस. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात हयात गेली, पण ब्रशातून कधी थेंब सांडू दिला नाही. पातळ रंग, सरळ अक्षर, आणि काम संपलं की ब्रश डब्याच्या काठावर असा निपटायचा की डब्यालाच दया यावी. बायको म्हणायची, "यांच्या हातून सढळ काही सुटायचं नाही. ना रंग, ना शब्द." ती हे हसत म्हणायची, म्हणून निभावलं.

ती गेली तेव्हा हा गृहस्थ रडला नाही. लगेच शिडी घेऊन औषधाच्या दुकानाची पाटी रंगवायला गेला. मुलीच्या मनाला ते फार लागलं. आईचं यांना काही वाटलं की नाही, एवढंच तिला कळायला हवं होतं. विचारलं तर बाबा म्हणायचे, "वाटून काय करणार?"

मग त्यांनी एक जुनी पाटी घरात आणली, भिंतीला टेकवली आणि तिच्यावर रंग थापायला लागले. ब्रशाने नव्हे, गवंड्याच्या थापीने. रंगात वाळू, भुसा, डब्यावर धरलेली साय, हाताला लागेल ते. मुलगी अधूनमधून यायची आणि दर वेळी पाटी आणखी जाड झालेली असायची. चित्र म्हणावं तर त्यात काही नव्हतं, नुसते करडे उंचवटे. शेजारीण म्हणाली, "भिंती लिंपायची हौस राहिली असेल." जावई म्हणाला, "अ‍ॅबस्ट्रॅक्ट आहे." त्याला विषय मिटवायची घाई होती. मुलीचा राग वेगळाच. जन्मभर थेंब थेंब जपला, आता डबेच्या डबे ओतताहेत, आणि आईचं साधं एक चित्र काढावंसं वाटत नाही.

बाबांच्या गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा तिने त्यांना आपल्या घरी न्यायचं ठरवलं. सामान टेम्पोत चढलं. बाबा म्हणाले, "पाटी राहू दे." तिने ऐकलं नाही. बोटाने दाबून पाहिलं, खडखडीत वाळली होती. मग जावयाने ती उभी केली आणि दोरी करकचून आवळली. तेलरंग जाड लावला की वरून वाळतो आणि आत कितीतरी महिने ओला राहतो, हे पाट्या रंगवणाऱ्याच्या मुलीला माहीत असायला हवं होतं. पण त्या घरात जाड रंग कधी कुणी पाहिलाच नव्हता.

वाटेत दोरी आत रुतली आणि नव्या दारी पोचेपर्यंत थराचा अर्धा पापुद्रा घसरून टेम्पोत पडला. खाली आईचा कान होता. कानामागे सारलेली बट, गालाचा उतार, आणि ओठांच्या जागी मध्येच सोडलेली रेघ. तुटलेल्या कडेला करड्यामागे गव्हाळ, मग पुन्हा करडा, पुन्हा गव्हाळ, असे थर सरळ दिसत होते.

"हिला किती वेळा काढलंत, बाबा?"

"मोजलं नाही. डोळे येतात, हसणं येत नाही. पुसायला गेलं की हात चालत नाही. म्हणून वर थापायचं, साय धरली की पुन्हा काढायचं."

मुलगी टेम्पोच्या फळीवर बसून रडली. आईसाठी रडली, आणि ज्याच्यावर इतके दिवस मनातून चिडली त्या माणसासाठीही. जावई उगाचच दोरीची गाठ सोडवत राहिला.

"मला सांगायचं तरी."

"काय सांगू? तुझी आई बिघडतेय म्हणून?"

तिने नाक पुसलं आणि त्या रेघेकडे पाहिलं. "हसताना तिच्या ओठाची डावी कड आधी वर जायची."

"उजवी."

"डावी. मी रोज जेवायला तिच्या समोर बसायचे."

"मीही समोरच बसायचो."

बाबा पाटीकडे वळले. मग म्हणाले, "तू बघत होतीस. मी जेवत होतो."

त्यांनी तिचं बोट धरून त्या ओल्या रंगावर टेकवलं. "काढून दाखव," म्हणाले.