जखम असली की आत घेत नाहीत

मोहोळ रस्त्यावरच्या इंजेक्शनच्या कारखान्यात दानेश्वरी निर्जंतुक खोली पुसायची. भिंती, फरशी जंतुनाशकानं ओल्या करायच्या आणि ठरलेला वेळ ओल्याच राहू द्यायच्या, तेव्हा कुठं जंतू मरायचे. काम तिला आवडायचं. आत कुणी मोठ्यानं बोलत नसे.

एकदा विळीवर बोट कापलं, तेव्हा तिनंच नवऱ्याला सांगितलं, "जखम असली की आत घेत न्हाईत. जखमेतले जंतू औषधात जायची भीती असते."

शिवपुत्र नवी पेठेत रिक्षा चालवायचा. बायकोनं बाप्या माणसांबरोबर काम करावं हे त्याला खपत नव्हतं. आजवर तो पाठीत मारायचा, लोकांना दिसू नये म्हणून. त्या दिवसापासून हातावर आणि तोंडावर मारू लागला. कधी ओठ फाटायचा, कधी बांगड्या मनगटात घुसायच्या. मग कपडे बदलायच्या खोलीतूनच ती परत यायची. तो दारात हसत उभा असायचा.

एका सकाळी त्यानं तिचा तळहात चुलीतल्या जळत्या लाकडावर दाबला. तरीही हाताला फडकं गुंडाळून ती कामावर गेली.

सुपरवायझर धनलक्ष्मीनं फडकं सोडून पाहिलं. "कुणी केलं?"

"नवऱ्यानं."

"आत घेता येणार नाही मला. पण घरीही पाठवणार नाही. मलम लाव, बाहेर गोदामात बस."

दुपारी शिवपुत्र सळई घेऊन फाटकावर आला. रखवालदार निंगप्पानं अडवलं, तर सळई त्याच्या डोक्यात घातली. म्हातारा कोसळला, रक्त डांबरावर पसरलं. दानेश्वरी गोदामातून पोछ्याचा स्टीलचा दांडा घेऊन धावली. पहिला घाव शिवपुत्रच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचं तिला ऐकू आलं. सळई पडली. ती थांबली नाही. गुडघ्यावर, खांद्यावर, जबड्यावर मारत राहिली. भाजलेल्या हाताची कातडी दांड्याला चिकटून निघाली, तेही तिला कळलं नाही.

"सोड गं, मरंल त्यो," म्हणत धनलक्ष्मीनं तिला मागून कवेत धरून ओढलं.

निंगप्पा वाचला, पण त्याचा एक कान कायमचा गेला. शिवपुत्र तुरुंगात आहे. तिच्यावरही खटला चालू आहे, ती जामिनावर सुटली आहे. न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "व्हय, मीच मारलं. मॅडमनी धरलं नसतं तर अजून मारलं असतं."

वकिलानं कपाळाला हात लावला. ती मोहोळला नव्यानं घेतलेल्या भाड्याच्या खोलीवर परतली, भाकरी थापली, आणि पहिल्यांदाच पोटभर जेवली.