पहिली बाजू संपेपर्यंत

ती रेकॉर्ड मी बाबांसाठीच आणली होती, जुन्या रेकॉर्डच्या दुकानातून. अमेरिकेत रॉक अँड रोल यायच्या आधी जंप ब्लूज, म्हणजे सॅक्सोफोनच्या साथीची नाचरी गाणी, गाणाऱ्या एका कृष्णवर्णीय गायकाची गाजलेली गाणी, एकत्र केलेली. कव्हरच्या मागे छापलं होतं की याच्याच पायावर पुढचे सगळे उभे राहिले. वाचून माझं डोकंच फिरलं. एकदा पाया म्हटलं की माणसाला जमिनीखाली ठेवायला सगळे मोकळे.

बाबा नागपूरला लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे. त्यांच्यावाचून वरात हलत नसे, पण त्यांचं जेवण शेवटची पंगत उठल्यावर, मांडवाच्या मागे. मी लहानपणी स्वतः पाहिलंय, म्हणून सांगते.

त्या हिवाळ्यात ते अमेरिकेत, ॲन आर्बरला माझ्याकडे आले होते. शनिवारी मी काही मराठी मंडळींना जेवायला बोलावलं. ते आले तेव्हा रेकॉर्ड चालूच होती. गायक रुबाबात गात होता, मागे सॅक्सोफोन नुसता उधळला होता, आणि दोन स्वेटर चढवलेले बाबा गुडघ्यावर बोटं चालवत होते. इतके खुशीत मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"अगं, हे काय वरातीचं म्युझिक लावलंयस यार!" एक काका हसत म्हणाले. "जरा क्लासी काहीतरी प्ले कर ना." आणि विचारायची तसदीही न घेता त्यांनी सुई उचलली.

बाबांची बोटं तिथल्या तिथे थांबली. यजमानाने हात वर केला की बँड थांबतो, तशी.

"राहू दे न, बाई," ते मला म्हणाले. "पाहुणे आहेत."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. काकांपेक्षा जास्त राग मला त्या 'राहू दे'चा आला. मी सुई पुन्हा पहिल्या गाण्यावर ठेवली आणि आवाज वाढवला.

"काका, ही साइड संपेपर्यंत जेवण सर्व्ह होणार नाही."

सगळे फोनमध्ये डोकं घालून बसले. भात गार होत होता. होऊ दे, म्हटलं.

बाजू संपली. पहिलं ताट मी बाबांना वाढलं, सगळ्यांच्या देखत, आणि त्यांच्यासाठी टेबलाची मधली खुर्ची ओढली. त्यांनी ताट दोन्ही हातांनी घेतलं, ताटकळलेल्या पाहुण्यांकडे एकदा पाहिलं आणि मागच्या दाराकडे निघाले. बाहेर गुडघाभर बर्फ होता.