मोसंबीतला पॉइंट

आमच्या शेतात विज्ञान जत्रा भरवायची ठरली तेव्हा मी दोन अटी घातल्या. मुलं एकटी यायची नाहीत; आई, बाप, आजी, ज्यांना म्हणून चालता येतं ते सगळे सोबत आले पाहिजेत. आणि जत्रेसाठी शेतातलं काम थांबणार नाही. म्हशींच्या धारा वेळेवर निघतील, मक्याचं यंत्र चालू राहील, धूळ उडाली तर ती पाहुण्यांनी खायची.

मी सिल्लोडच्या अलीकडे एका गावात हायस्कूलला विज्ञान शिकवते. शाळेतल्या प्रदर्शनांना मी कंटाळले होते. दरवर्षी तोच थर्माकोलचा ज्वालामुखी, बापानं बनवलेला, आणि शेजारी उभं राहून पाठ केलेलं म्हणणारा मुलगा. शेतात विहीर आहे, शेण आहे, माती आहे, बी आहे. थर्माकोल कशाला हवा? हेडमास्तर म्हणाले, बाई, सापबीप निघाला तर? मी म्हटलं, निघाला तर तोही दाखवू.

माझे थोरले दीर पाणाड्या आहेत. तळहातावर नारळ आडवा ठेवून ते रानातून चालतात. नारळ उभा राहिला की तिथं पाणी. आमच्या भागात बोअर घेण्याआधी पाणाड्याला बोलावतातच, आणि अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत लोक त्यांनाच बोलावत. ते पैसे घेत नाहीत. टॉवेल, टोपी आणि तो नारळ, एवढंच. म्हणजे लबाड माणूस नव्हे. त्यांचा स्वतःवर पूर्ण विश्वास आहे आणि तीच खरी अडचण आहे. "माझं रक्त ओ पॉझिटिव्ह हाय, म्हणून नारळ हालतो," असं ते सांगतात. माझाही गट तोच आहे. माझ्या हातात नारळ नारळासारखाच पडून राहतो.

दोघा भावांच्या वाटण्या झाल्या आहेत, विहीर तेवढी सामाईक. मार्च लागला की ती तळ दाखवते, म्हणून दोघांत मिळून एक बोअर घ्यायचा ठरला. दिरांनी नारळ घेऊन सगळं रान पालथं घातलं आणि पॉइंट काढला तो नेमका आमच्या मोसंबीच्या मधोमध. बोअरच्या दोन गाड्या असतात, एक खोदणारी आणि एक कॉम्प्रेसरची. त्या आत न्यायच्या तर झाडांच्या दोन ओळी साफ कराव्या लागणार होत्या.

ती झाडं मी लावलेली. खड्डे मजुरांनी खोदले, पण कलमं मी जाऊन निवडून आणली होती, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात विहीर आटली तेव्हा शाळेतून आल्यावर डब्यानं पाणी मीच घातलं होतं. आता कुठे पहिला बहार धरला होता. एका नारळाच्या सांगण्यावरून मी ती तोडू देणार नव्हते, आणि हे मी सगळ्यांना सांगितलं होतं. कुणी मनावर घेतलं नव्हतं.

जत्रेच्या आधी एका संध्याकाळी दीर ओट्यावर येऊन बसले. मला नावानं हाक मारायची नाही म्हणून ते मला मास्तरीणबाई म्हणतात. त्यात आदर किती आणि टोमणा किती हे वेळेवर ठरतं.

"मास्तरीणबाई, तुमच्या जत्रेत समदं हाय म्हणं. शेणाचा गॅस हाय, भिंग हाय. मंग माझा नारळ कामून नाय? ते विज्ञान नाय का?"

"तपासून पाहिलं तर विज्ञान, दादा. नाही पाहिलं तर नारळ."

आतून सासूबाईंचा हसू दाबल्याचा आवाज आला.

"मंग बघा की तपासून. भेता कामून?"

"तपासू. पण निकाल मानायचा. चुकलात तर मोसंबीला हात लावायचा नाही. बोअर दुसरीकडं."

"आन बरुबर आलो तर?"

"तर कुऱ्हाड मी चालवते."

नवरा वाळूजच्या कंपनीत होता. आठवडाभर बजाजनगरला खोलीवर राहायचा आणि शनिवारी घरी यायचा. त्याला ही बातमी माझ्याआधी एसटी स्टँडवरच कळली होती. "तू झाडं पणाला लावली?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "माझीच लावली. लोक तर दुसऱ्याचं लावतात." आई, भाऊ आणि मी अशा तिघांच्या मध्ये राहून त्याला गप्प बसण्याची कला चांगली साधली आहे. तो जेवायला बसला.

तपासणी मी अशी ठरवली. मक्याचं रान मोकळं झालं होतं. तिथं एका ओळीत आठ मडकी पुरायची, काहींत काठोकाठ पाणी, काही रिकामी. वर फरशीचा तुकडा आणि सारखी केलेली माती. कोणत्या मडक्यात काय आहे हे मलाही माहीत असता कामा नये, नाहीतर मी डोळ्यानं खुणावलं म्हणून बोभाटा व्हायचा. भरायला असा माणूस हवा होता ज्याच्यावर दोन्ही घरांचा विश्वास. तो एकच होता, सासूबाई. मी त्यांना नीट समजावलं. "आत्याबाई, चार भरायची, चार कोरडी ठेवायची. कुणाला सांगायचं नाही. मलाही नाही." त्या म्हणाल्या, "कळलं. मी काय येडी हाय का?" बरोबर एक घागर आणि गडी घेऊन त्या रानात गेल्या. गड्याला त्यांनी बांधापलीकडं पाठ करून उभं केलं. इतकी काळजी आमच्या परीक्षा केंद्रावरही घेत नाहीत.

जत्रेला ट्रॅक्टर भरभरून माणसं आली. विहिरीवर आम्ही कप्प्यांची रचना लावली होती. कप्प्या वाढवल्या की ओढायला जोर कमी लागतो हे दाखवायला. सिल्लोडहून आलेल्या एका सासूनं त्या दोरानं आपल्या जावयाला जमिनीवरून उचललं आणि खाली सोडायला तयार होईना. "ऱ्हाऊ द्या वर जरासं," म्हणाली, "पोरीला तेवढाच आराम." डोंगराकडून मेंढरं घेऊन उतरलेल्या एका म्हाताऱ्यानं स्टेथोस्कोप माणसाला लावायचं सोडून आपल्या मेंढीला लावला आणि बराच वेळ काढलाच नाही, मागं रांग लागली होती. बाया ओल्या गोणपाटात रुजवलेले मक्याचे दाणे मोजत होत्या आणि दुकानदारानं कोणतं बियाणं गळ्यात मारलं यावर मोठमोठ्यानं बोलत होत्या. मक्याचं यंत्र धडधडत होतं. मला हवी होती तशी जत्रा होती.

दुपारी सगळी गर्दी मोकळ्या रानाकडं वळली. दिरांनी आंघोळ करून धुतलेलं धोतर नेसलं होतं. नारळ कपाळाला लावला, पायातल्या वहाणा काढल्या आणि चालू लागले. यंत्र मात्र मी बंद करू दिलं नाही. पहिल्या मडक्यावर नारळ हलला, थरथरला आणि उभा राहिला. "पाणी," ते म्हणाले. दुसऱ्यावर निपचित. "कोरडं." असं करत ते शेवटपर्यंत गेले. चार ठिकाणी पाणी सांगितलं, चार ठिकाणी कोरडं.

त्यांनी पाणी सांगितलेली मडकी आधी उघडली. पहिलं काठोकाठ. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतरच्यात तळाशी पाणी. पुढच्यातही तळाशी, पण पाणीच. चौथ्यातही. चारपैकी चार. कुणीतरी शिट्टी मारली. हेडमास्तर हातात टॉवेल आणि टोपी घेऊन पुढं झाले. त्यांनी ती आधीच आणून ठेवली होती हे मला तेव्हा कळलं. दीर माझ्याकडं बघून म्हणाले, "कुऱ्हाडीला धार लावून ठिवली हाय मी. लई जड नाय, बायामाणसाला झेपल अशीच हाय."

लोक हसले. नवरा जमिनीकडं बघत होता.

मी त्या मडक्यांकडं बघत होते. तीन मडक्यांच्या तळाला ओंजळभर पाणी. सासूबाईंना मी काठोकाठ भरायला सांगितलं होतं, आणि त्या कामात कुचराई करणाऱ्या बाई नव्हेत.

"बाकीची उघडा," मी म्हणाले.

"आता काय ऱ्हायलं बाई?" हेडमास्तर म्हणाले. "झालं की. लोकांना जेवायचंय."

"आठ पुरली आहेत. आठ उघडायची."

"हार मानायला बी मोठं मन लागतं," मागून कुणीतरी म्हणालं. मी वळून पाहिलं नाही. गडी खोरं घेऊन नुसताच उभा होता, म्हणून मी त्याच्या हातातून घेतलं आणि स्वतः उकरायला लागले. साडीचा काठ मातीत गेला. पहिलं कोरडं सांगितलेलं मडकं काठोकाठ भरलेलं निघालं, फरशी सरकवताच पाणी माझ्या पायावर सांडलं. दुसरंही काठोकाठ. तिसरंही. चौथ्यात ओंजळभर.

आठही मडक्यांत पाणी होतं. मागचे लोक मडक्यांत डोकावायला पुढं सरकले.

"आत्याबाई," मी म्हणाले, "चार कोरडी ठेवायची होती ना?"

सासूबाई पुढं आल्या. त्यांना आपण काही चुकलो असं मुळीच वाटत नव्हतं. "ठिवली की. नावाला ओंजळ ओंजळ टाकली त्यात. भरल्या शेतात रिकामं मडकं पुरत असतेत व्हय? अवदसा येती घरात. शेजारणीची वाटी आपून रिकामी धाडत नाय, आन धरणीमायला रिकामं गाडगं देऊ?"

जमलेल्या निम्म्या बायांनी माना डोलावल्या. त्या जागी असत्या तर त्यांनीही हेच केलं असतं. खरं सांगायचं तर हे मला आधी सुचायला हवं होतं. मीही आजवर कुणाची वाटी रिकामी परत दिलेली नाही.

दिरांनी लगेच संधी घेतली. "म्हंजी झालं काय? मी पाणी सांगितलं तिथं पाणी निघालं का नाय?"

"निघालं, दादा. तुम्ही कोरडं सांगितलं तिथंही निघालं. तीन तर काठोकाठ."

"ते पुरलेलं पाणी. मेलेलं. नारळाला जितं पाणी कळतं, झऱ्याचं."

"मग पहिलं मडकं कसं कळलं? तेही पुरलेलंच होतं. आणि हे मडकी उघडायच्या आधी सांगायचं होतं."

मेंढीवाला म्हातारा मोठ्यानं हसला. हेडमास्तरांनी मला बाजूला घेतलं. "बाई, घरातलं घरात मिटवा. थोरल्या माणसाचा मान ठेवा. टॉवेल-टोपी देऊन टाकू, दोघंही बरोबर म्हणू."

दोघंही बरोबर, हे वाक्य मी उभ्या आयुष्यात फार ऐकलं आहे. ते नेहमी त्याच वेळी म्हणतात जेव्हा एकाला काही सोडायचं नसतं आणि दुसरीनं सोडावं अशी अपेक्षा असते. जत्रेसाठी लावलेला माईक होता, तो मी हातात घेतला.

"हा प्रयोग बिघडलेला आहे," मी सांगितलं. "सगळ्याच मडक्यांत पाणी होतं, त्यामुळं यात दादा जिंकले नाहीत आणि मीही जिंकले नाही. उगाच टाळ्या वाजवू नका. पण झाडं उभी आहेत. ती पाडायची असतील तर पाडणाऱ्यानं सिद्ध करावं. उभ्या झाडानं काही सिद्ध करायचं नसतं. जेवायला चला."

बऱ्याच जणांना हे आवडलं नाही. जेवताना मला ऐकू येईल अशा बेतानं शिकलेल्या सुनांवर चर्चा झाली. मी वाढत होते. वांग्याची भाजी चांगली झाली होती.

बोअरची गाडी आधीच सांगून ठेवलेली होती आणि दिरांनी ती परत फिरवली नाही. दोन दिवसांनी सकाळी दोन्ही ट्रक रस्त्यावर येऊन उभे राहिले. मी शाळेत रजा टाकली आणि मोसंबीच्या तोंडाशी ट्रॅक्टरची ट्रॉली आडवी लावून घेतली. बोअरच्या गाड्यांचा एजंट शहरातला होता. "मॅडम, पाइंट किधर है?" त्यानं विचारलं.

दीर बाभळीखाली उभे होते. म्हणाले, "मास्तरीणबाईला इचारा. आता त्याच पाणी दावतील."

त्यांनी तोल साधून मारलेला टोला होता. मला वेळ नव्हता. मी बांधाजवळची मोकळी जागा दाखवली.

"कशावरून?" दीर म्हणाले.

"गाडी उभी राहते, झाड पडत नाही, आणि दोन्ही रानांना पाइप पुरतो. पाणी आहे असं मी म्हणत नाही."

"मंग खर्च कामून करायचा?"

"तुम्हीच गाडी बोलावलीत. करायचा नसेल तर परत पाठवा. तुमचा नारळ काय म्हणतो इथं?"

त्यांनी नारळ आणला नव्हता. हातानं 'चालू द्या' अशी खूण केली. यंत्र सुरू झालं. दिवसभर पांढरा फुफाटा निघत राहिला आणि मोसंबीच्या पानांवर बसत राहिला. संध्याकाळी एजंटनं मान हलवली. कोरडा.

"म्हणलो नव्हतो?" दीर म्हणाले.

"नाही. तुम्ही काहीच म्हणाला नव्हतात."

ते धोतरावरचा फुफाटा झटकत एजंटकडं हिशेबाला गेले.

त्या उन्हाळ्यात मी वैरणीचा मका केला नाही. विहिरीत होतं तेवढं आमच्या वाट्याचं पाणी ठिबकवर झाडांना दिलं आणि चारा विकत आणला, एक म्हैस कमी केली. सासूबाई रोज सुनावत होत्या, मी रोज ऐकत होते. झाडं जगली. बहार बेताचाच आला.

लोक अजून विचारतात, मग मोसंबीत पाणी होतं का हो? मी सांगते, माहीत नाही. दिरांनाही नाही, मलाही नाही. दोघांपैकी कुणीतरी खोटं पडलंच पाहिजे असं त्यांना वाटतं, म्हणून हे उत्तर त्यांना आवडत नाही. दुसरं माझ्याकडं नाही, आणि असतं तरी ते काढायला मी झाडं तोडली नसती.